बारावा बगळा

आधीच सांगते, माझ्या मोठ्या जावेबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. वेडंवाकडं बोलायचा हक्क फक्त माझा. सत्तावीस वर्षं एका छपराखाली काढलीत मी त्यांच्याबरोबर. खाली दुकान, वर आम्ही दोघी, आमचे दोन नवरे आणि सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. त्या न्हाणीघरावरून आमची जी भांडणं झालीत, ती ऐकून समोरचा शिंपी मशीन थांबवायचा. तर हे छायाचित्रकार मंडळाचे लोक आता सगळीकडे सांगत फिरतायत की त्या बाईंनी प्रदर्शनात येऊन तमाशा केला. म्हणून काय झालं ते मीच सांगते. मी तिथे होते, आणि खरं बोलायचं तर निम्मा घोळ माझाच आहे.

आमचं दुकान फोटोचं. समारंभाबिमारंभाचं नाही, अर्जाला लावायच्या फोटोंचं. पासपोर्ट, परवाना, परीक्षेचा फॉर्म, पेन्शनचा दाखला. वहिनी, म्हणजे माझी मोठी जाऊ, फोटो काढतात. मी कोट, टाय आणि कंगवा सांभाळते. कोट एकच आहे, पण सगळ्यांना बसतो, कारण मागून चिमटे लावता येतात. माझे मोठे दीर, म्हणजे भावजी, मागच्या खोलीत फ्रेमा ठोकतात आणि दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतात. माझ्या नवऱ्याची नोकरी दुसरीकडे आहे, त्यांचा या भानगडीशी काही संबंध नाही.

वहिनी दिवसभर एकच बोलतात, "हलू नका." फिरत्या स्टुलावर गिऱ्हाईक बसलं की हनुवटी वर, खांदे सरळ, कान दिसू द्या, हलू नका. गल्लीत सगळे त्यांना 'हलू-नका बाई' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना माहीत आहे.

आता अशा बाईला हलणाऱ्या गोष्टींचे फोटो काढायचं वेड लागावं, हे मला आधी पटलंच नव्हतं. सुरुवात झाली एका दोन वर्षांच्या पोरामुळे. आई त्याला पासपोर्टच्या फोटोसाठी घेऊन आली होती. पोर कसलं, भिंगरी! बसवलं की उठतंय, उठवलं की लोळतंय. मी खुळखुळा वाजवून दमले. वहिनींनी नऊ फोटो काढले, त्यातला एक कामाचा निघाला. तो देऊन झाला, पोर गेलं, शटर अर्धं ओढलं, तरी वहिनी उरलेले आठ कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावून बसलेल्या.

"अगं, इकडे ये," म्हणाल्या. "हे बघ."

कॅमेरा तिपाईवर होता, तो जागचा हलला नव्हता. मागचं कापड तेच, स्टूल तेच. हललं होतं फक्त पोर. वहिनींनी आठही फोटो एकावर एक ठेवले आणि प्रत्येकातलं पोर तेवढं राखलं. एका स्टुलावर एकच पोर आठ वेळा. चढतंय, वळतंय, एक पाय खाली, डोकं खाली, शेवटी आईच्या हाताकडे झेप. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी हसल्या नाहीत.

"तीस वर्षं मी हे फेकून देत होते गं," म्हणाल्या.

झालं. तेव्हापासून कामाव्यतिरिक्त जो वेळ मिळेल त्यात हेच. समोरच्या पाइपावरून उडणारं कबुतर, दोरीवर वाऱ्याने फडफडणारी चादर, अंग झाडणारा कुत्रा. एकदा मी बादली घेऊन जिना उतरत होते तर माझेच काढले. त्या फोटोत मी अकरा ठिकाणी आहे आणि अकराही ठिकाणी जाडच दिसते. "काढून टाका," म्हटलं. नाही म्हणजे नाही.

या कामात त्यांचा एक नियम होता आणि त्यापुढे देवाचंही चालायचं नाही. जे टिपलं गेलं ते सगळं चित्रात येणार. जे टिपलं गेलं नाही ते येणार नाही. एखादं कबुतर वेडंवाकडं आलं तरी तसंच राहणार, एखादं छान आलं म्हणून दोनदा येणार नाही, कुणाला जागेवरून सरकवायचं नाही. "पक्षी तिथे होता म्हणून तो तिथे आहे," म्हणायच्या. "नाहीतर मग मी चित्र काढायला शिकले असते."

मला विचाराल तर हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण वहिनींच्या मनात एक गोष्ट फार दिवसांपासून रुतून बसली होती. त्यांना मंडळाचं सभासद व्हायचं होतं. मंडळ म्हणजे आमच्याकडच्या छायाचित्रकारांची संस्था, मोठ्या बाजाराजवळ वरच्या मजल्यावर त्यांचा हॉल आहे. वहिनींनी तीनदा अर्ज केला आणि तीनदा तो परत आला. शेवटच्या वेळी अध्यक्षांनी समोर बसवून सांगितलं, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचं काम अर्जाला फोटो लावायचं. ते गरजेचं आहे, पण त्याला छायाचित्रण म्हणत नाहीत." हे अध्यक्ष अकरा खिशांचं जाकीट घालतात. मी मोजलेत. त्या दिवशी घरी आल्यावर वहिनी भांडी इतकी आपटत होत्या की मी न्हाणीघर आपणहून रिकामं करून दिलं.

आणि मग यंदा मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाचा विषय आला, 'गती'. नियम असा की ज्याचा फोटो प्रदर्शनात लागेल त्याला सभासदत्व आपोआप मिळतं. अर्ज नाही, शिफारस नाही, अकरा खिशांसमोर बसणं नाही. वहिनींनी पत्रक वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "आता बघतेच."

फोटो कशाचा, ते ठरलेलंच होतं. पाणीपुरवठ्याच्या टाक्या आहेत ना, मोठ्या, उघड्या, पाणी गाळायच्या, तिथे एक राखी बगळा यायचा. तिथला चावीवाला, म्हणजे टाक्यांचे नळ उघडबंद करणारा माणूस, वहिनींकडे फोटोला आला होता, त्याने सांगितलेलं. बगळ्याचा एक पाय कसलातरी अधू होता. बाकीचे बगळे उडाले की दोन्ही पाय मागे सरळ घेतात, याचा एक पाय खाली लोंबत राहायचा. चावीवाला त्याला 'आमचा साहेब' म्हणायचा, कारण तो रोज सातच्या ठोक्याला भिंतीवर हजर व्हायचा आणि सव्वासातला काही न करता निघून जायचा.

सात आठवडे वहिनी रोज सकाळी तिथे गेल्या. मीही जायचे, थर्मास घेऊन. हौस नव्हती मला. पण एकटीला पाठवायचं तर त्या तिपाई, पिशवी, बॅटऱ्या सगळं एका खांद्यावर घेणार आणि मग आठवडाभर खांदा दाबून मीच द्यायचा. रोज तेच. साहेब भिंतीवरून उडायचा, पाण्यावरून खालून खालून जायचा, पाय लोंबलेलाच, आणि पलीकडच्या झाडीत शिरायचा. वहिनींना प्रकाश पटायचा नाही, नाहीतर पाण्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या यायच्या.

ज्या दिवशी सगळं जुळून आलं त्या दिवशी पाणी अगदी आरशासारखं होतं. बगळा उडाला. वहिनींचं बोट बटणावर, कॅमेरा सेकंदाला तीन-चार या हिशेबाने खटखट करतोय. मी बाजूला कपात चहा ओतलेला. बगळा निम्म्या टाकीवर आला आणि काय झालं कुणास ठाऊक, मला इतका आनंद झाला की मी, "वहिनी, तो बघा!" म्हणून हात केला. कपाचा हात. बरोबर कॅमेऱ्याच्या समोरून.

वहिनींनी माझ्या हातावर अशी चापट मारली की चहा माझ्याच अंगावर. त्यांचं बोट मात्र बटणावरून उठलं नाही.

संध्याकाळी पडद्यावर बघितलं तर चोवीस फोटो. अकरा फोटोंत बगळ्याचा पाय लोंबलेला. बाराव्या फोटोत माझी बाही आणि चहाचा कप. कप मात्र सुरेख आलाय, वाफसुद्धा दिसते. आणि तेराव्यापासून पुढच्या सगळ्या फोटोंत, अहो, दोन्ही पाय मागे सरळ! अधू पाय त्याने उचलला होता. सात आठवड्यांत एकदाही न उचललेला पाय नेमका त्या दिवशी उचलला, आणि उचलताना मध्ये मी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही बघितलंत ना उचलताना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माझा डोळा कॅमेऱ्याला होता. मला तुझी बाही दिसली. तू बघितलंस?" मी कशाला बघतेय? मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता काय ऐकावं लागणार म्हणून.

पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज गेलो. पाय पुन्हा उचलला नाही. मग बगळाच यायचा बंद झाला.

वहिनींनी फोटो एकत्र केले. तुम्ही तो बघायला हवा. लांबच लांब पाणी, त्यावर एका रांगेत तेवीस बगळे, डावीकडचे अकरा लंगडे आणि उजवीकडचे बारा धडधाकट. मधे एका पक्ष्याएवढी जागा, नुसतं पाणी. मी म्हटलं, "वहिनी, तेवढं एक भरा ना. कुणाला कळतंय?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला गेले.

फोटो दिला तेव्हा मंडळाने आधी वेगळाच फाटा फोडला. निवडसमितीतले म्हणाले, हे दोन वेगळे पक्षी आहेत, जोडून एक दाखवलाय, आणि जोड लपवता आला नाही म्हणून मधे जागा सोडलीय. वहिनींना बोलावणं आलं. मीही गेले. वहिनींनी चोवीसच्या चोवीस मूळ फोटो क्रमाने टेबलावर मांडले, वेळ, नंबर सगळ्यासकट. बारावा आल्यावर सगळे हसायला लागले. अध्यक्ष तर खोकेपर्यंत हसले. "कुणाचा हो हात?" मी माझी बाही पुढे केली. तीच घातली होती.

"मग प्रश्नच मिटला," अध्यक्ष म्हणाले. "पक्षी एकच आहे, मान्य. आता तेवढी एक जागा भरून द्या, फोटो लागला म्हणून समजा. असं मधेच तुटलेलं बघणाऱ्याला खटकतं."

"नाही भरणार," वहिनी म्हणाल्या.

"अहो, अकरावा उचला आणि बाराव्या जागी ठेवा. पाच मिनिटांचं काम."

"अकराव्यात पाय खाली आहे. तेराव्यात वर आहे. मधे काय झालं ते मी बघितलं नाही. जे मी बघितलं नाही ते मी लोकांना दाखवू?"

"एक पक्षी हो, बाई! तेवीस खरे आहेत ना?"

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या आणि फोटो गोळा करायला लागल्या.

अध्यक्षांनी हात वर केले, "बरं बरं, बघू, फाइल ठेवून जा," असं म्हणाले. आम्ही फाइल ठेवून आलो. जिन्यात वहिनी म्हणाल्या, "बघू म्हणजे नाही." आणि मग खालच्या पायरीवर थांबून रुमालाने चष्मा पुसत बसल्या. चष्मा स्वच्छ होता. मी सत्तावीस वर्षांत त्यांना रडताना दोनदा बघितलंय, सासूबाई गेल्या तेव्हा आणि भावजींचं ऑपरेशन झालं तेव्हा. हे तिसरं. मला स्वतःची इतकी चीड आली! माझ्या एका हातामुळे या बाईचं जन्माचं स्वप्न अडकून पडलं होतं.

दोन दिवसांनी दुकानात फोन आला. वहिनी आत एका आजोबांना हनुवटी वर करायला सांगत होत्या. फोन मी घेतला. मंडळाचा छपाईवाला बोलत होता. "अध्यक्षसाहेबांनी विचारायला सांगितलंय, मधला पक्षी आम्हीच भरून घेऊ का? तुम्ही नुसतं हो म्हणा. आज छापायला गेला तरच प्रदर्शनात लागेल."

पडद्यापलीकडून वहिनींचा आवाज येत होता, "हलू नका, आजोबा."

मी म्हटलं, "हो. भरा."

कारणं द्यायची तर शंभर देता येतील. एकच खरं आहे. जागा माझ्यामुळे रिकामी पडली होती, ती मला भरून टाकायची होती, आणि पुन्हा कधी तिच्याकडे बघायचं नव्हतं. फोन ठेवला आणि वहिनींना सांगितलं, "मंडळाचा होता. फोटो लागतोय तुमचा."

"जसाच्या तसा?"

"हो तर," मी म्हटलं. जीभ झडली नाही माझी.

त्या आठवड्यात वहिनी जेवढ्या हसल्या तेवढ्या मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकांनाही "जरा हसा" म्हणायला लागल्या, पासपोर्टच्या फोटोत! भावजींनी त्यांच्या चपलेला स्वतः पॉलिश केलं. मी आठवडाभर न्हाणीघर आधी त्यांनाच देत होते.

उद्घाटनाच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. अध्यक्षांचं गती या विषयावर भाषण झालं, ते काही केल्या पुढे सरकेना. मग सगळे फोटोंकडे वळले. आमचा समोरच्या भिंतीवर, चांगला पाच हात लांब, खाली वहिनींचं नाव आणि नावाखाली 'छायाचित्रकार'. त्या शब्दापुढे वहिनी क्षणभर थांबल्या. मी बघितलं ना, त्यांनी बोटाने तो शब्द जरासा चाचपला.

तेवढ्यात त्यांच्या शेजारचा एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "हा बघ, हा मधला! पाय कसा उचलतोय बघ! काय क्षण पकडलाय!"

वहिनींनी मान वर केली.

बाराव्या जागी बगळा होता. छपाईवाल्याने तिथे अकरावा जसाच्या तसा ठेवला नव्हता आणि तेरावाही नाही. तेराव्याला घेऊन त्याचा पाय खाली ओढून तिरका केला होता, अर्धा मुडपलेला, अगदी उचलता उचलता असावा तसा. बसल्या बसल्या बनवलेला. आणि गर्दी त्याच्याच पुढे. चोवीस पक्ष्यांमधल्या त्या एका खोट्या पक्ष्याला लोक वा वा करत होते.

वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला, नाक भिंतीला लागेपर्यंत जवळ गेल्या. "हा तेरावा आहे," मोठ्यानं म्हणाल्या. मग पर्स उघडली. बाकीच्या बायका पर्समध्ये आरसा ठेवतात, ही बाई कटर ठेवते. पातं बाहेर सरकवल्याचा आवाज झाला आणि मला कळलं आता काय होणार. मी "वहिनी" म्हणेपर्यंत एक रेघ ओढून झाली होती.

चार बाजूंनी चार रेघा. पट्टी नाही, काही नाही. अर्जाचे फोटो कापून कापून हात असा बसलाय की रेघ जराही वाकडी गेली नाही. वहिनींनी नखाने तो तुकडा सोडवला, वळल्या, अध्यक्षांपर्यंत चालत गेल्या आणि तुकडा त्यांच्या जाकिटाच्या वरच्या खिशात खोचला.

"हा एवढा तुमचा," म्हणाल्या. "बाकीचे तेवीस माझे."

अध्यक्ष लालबुंद. "हे काय चालवलंय? मंडळाच्या वस्तूचं नुकसान करता? आणि न विचारता नाही केलेलं, परवानगी घेतली होती आम्ही!"

"कुणाची?"

"तुमच्याच दुकानातून फोनवर हो सांगितलं!"

पळून जावंसं वाटलं, खरंच सांगते. पण पाय हलेनात. "मी म्हटलं हो," मी बोलले.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागाचं बघणं मला सवयीचं आहे, हे ते नव्हतं. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "ती कोट देते. फोटो मी काढते."

अध्यक्षांनी दोन माणसांना फोटो उतरवायला सांगितलं. वहिनी फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "बाजूला व्हा," माणसं म्हणाली. नाही झाल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला हात कोण लावणार? बाहेरगावचे पाहुणे बघत होते. अध्यक्षांनी दात खाल्ले आणि म्हणाले, राहू दे.

प्रदर्शन आठवडाभर होतं. वहिनींनी आठवडाभर दुकान बंद ठेवलं. सकाळी हॉल उघडला की भोकापाशी उभ्या, बंद झाला की घरी. नाव तर मंडळाने दुसऱ्याच दिवशी खालून काढून टाकलं होतं. लोक यायचे, आणि बाकीचे घोडे, धबधबे, सायकली सोडून पहिल्यांदा भोकाकडेच जायचे. इथे काय होतं, विचारायचे. वहिनी प्रत्येकाला सांगायच्या.

माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. काही सांगायचं असलं की भावजींना सांगायच्या, "तिला म्हणावं भात लावला का," आणि मी सांगायचे, "त्यांना म्हणावं लावला." भावजींना दिवसाला चाळीस-चाळीस वाक्यं बोलावी लागली, बिचाऱ्यांचा घसा बसला.

चौथ्या दिवशी चावीवाला आला, ड्यूटीच्या कपड्यांतच. फोटोपुढे उभा राहिला आणि ओरडलाच, "अरे, आमचा साहेब!" डावीकडून एकेक बगळा बोटाने मोजत आला. अकराव्याशी थांबला. भोकातून मागची भिंत दिसत होती. मग तेरावा बघितला. "पाय उचलला याने?" म्हणाला. "मी दोन वर्षं बघतोय, कधी उचलला नाही हो. कसा उचलला?"

"ते मला माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा मला दिसलं नाही."

त्याने मान हलवली. "पण उचलला," म्हणाला, आणि परत पहिल्यापासून मोजायला लागला. मी खांबाशी उभी राहून बघत होते. मला एकदम कळलं मी काय करायला निघाले होते. या माणसाला मी तो बनवलेला पाय दाखवणार होते, आणि त्याने तो खरा मानून घरी नेला असता. मी तिथेच रडले, लाजले नाही.

घरी जाताना वहिनी स्वतःहून बोलल्या. "ऐक. यापुढे माझ्या वतीने कुणाला हो म्हणायचं नाही. नाही म्हणायचं असलं तर खुशाल म्हण, त्याला विचारायची गरज नाही."

"बरं," मी म्हटलं.

"आणि भात करपवलास आज."

शेवटच्या दिवशी दुपारी अध्यक्षांनी मला बाहेर जिन्यापाशी गाठलं. हातात पाकीट. आवाज अगदी मऊ. म्हणाले, "हे बघा, तुम्ही समजूतदार दिसता. गर्दी झाली त्या फोटोला, पेपरचा बातमीदार येऊन गेला, आता मंडळालाही ताणायचं नाही. हे त्यांचं सभासदत्वाचं पत्र. सही झालीय. फक्त त्यांच्याकडून दोन ओळी हव्यात, की फोटो कापला ही चूक झाली. त्या स्वतः द्यायच्या नाहीत, माहीत आहे मला. तुम्ही त्यांच्या वतीने हो म्हणा, मी लिहून घेतो. मागे फोनवर म्हणालात तसंच."

मी पाकिटाकडे बघितलं. वर वहिनींचं पूर्ण नाव होतं, टाइप केलेलं. हे पाकीट घरी आलं असतं तर त्या काय करतील हे मला ठाऊक होतं. ड्रॉवरमध्ये ठेवतील, आणि मी झोपले असं वाटल्यावर काढून वाचतील.

"नाही," मी म्हटलं.

"अहो, त्यांना विचारा तरी!"

"विचारायचं काय त्यात? नाही म्हणजे नाही. चूक झाली, पण ती माझी झाली, आणि मी ती हो म्हणून केली होती. ते पत्र ठेवा त्या अकरा खिशांतल्या कुठल्याही खिशात. एका खिशात बगळा आहेच." आणि मी दार ढकलून आत आले. पाठ ताठ ठेवली, तो बघत होता ना.

वहिनी फोटो भिंतीवरून उतरवत होत्या. एक टोक मी धरलं.

"काय म्हणत होता?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. पाकीट, टाइप केलेलं नाव, दोन ओळी, माझं नाही. सांगताना मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? वहिनींनी फोटोचं त्यांचं टोक हळूच जमिनीवर टेकवलं आणि त्या तिथेच, भिंतीला पाठ लावून, खाली बसल्या. नवी साडी होती.

"मला ते हवं होतं गं," म्हणाल्या. "फार हवं होतं."

"माहीत आहे."

"तुला नाही माहीत. त्यावर माझं नाव होतं ना?"

"होतं," मी म्हटलं. माझ्याच्याने बघवेना. "वहिनी, तो अजून जिन्यातच असेल. जाऊन आणू?"

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि फोटोचं टोक पुन्हा उचललं.

"जाऊन तर बघ," म्हणाल्या, "तंगडी मोडून हातात देईन."